मध्ययुगीन व प्रारंभिक आधुनिक स्कॉटलंडमधील कूळ आणि खंड : स्कॉट्स भाषेतील शब्दांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

‘ब्लॅकमेल’ हा शब्द आज मराठी वृत्तपत्रांत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. धमकावून पैसे उकळणे असा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु या शब्दातील ‘मेल’चा टपालाशी काहीही संबंध नाही, ही गोष्ट फारशी परिचित नाही. टपाल या अर्थाचा ‘मेल’ हा शब्द पिशवी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. ‘ब्लॅकमेल’मधील ‘मेल’ मात्र स्कॉट्स भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ ‘जमिनीचा खंड’ असा आहे. कुळाने जमीनमालकास ठरल्याप्रमाणे द्यावयाची रक्कम म्हणजे मेल होय.

प्रतिष्ठित व्यवहाराचा निदर्शक असलेला एक शब्द पुढे गुन्ह्याचे नाव का बनला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास स्कॉटलंडमधील कुळांच्या चार-पाचशे वर्षांच्या जीवनाचा पट समोर येतो. या कुळांनी स्वतः लिहून ठेवलेले फारच थोडे आहे. त्यांच्याविषयीची माहिती मठांच्या खंडवह्या, जहागिरीच्या न्यायालयांची दप्तरे व पार्लमेंटचे कायदे यांतून मिळते. ही कागदपत्रे जमीनमालकांच्या बाजूने लिहिली गेली असली तरी त्यांतील शब्द गावात रोज वापरले जाणारे होते. म्हणून शब्दांच्या वाटेने कुळांच्या स्थितीकडे जाणे शक्य होते. प्रस्तुत लेखात सुमारे चौदाव्या ते अठराव्या शतकापर्यंतच्या कालखंडातील अशा निवडक शब्दांचे विवेचन केले आहे. ‘कूळ’, ‘खंड’, ‘पट्टा’, ‘वेठ’ हे मराठी शब्द येथे केवळ अर्थबोधासाठी वापरले आहेत. दोन्ही देशांची जमीनपद्धती एकच होती असे त्यातून सुचवावयाचे नाही.

१. ‘मेल’ : व्युत्पत्ती व अर्थविस्तार

मेल हा शब्द ‘बोलणे’, ‘करार’ असे अर्थ असलेल्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘माल’ या शब्दाशी जोडला जातो. म्हणजेच बोलून ठरविलेली गोष्ट हा या शब्दाचा गाभा आहे. मराठीतील ‘खंड’ या शब्दाची जडणघडण अशीच दिसते. ‘खंडून घेणे’ म्हणजे ठोक रक्कम ठरवून घेणे होय. ठराव ही कल्पना दोन्ही भाषांत खंडाच्या मुळाशी आहे.

या एका शब्दापासून स्कॉट्स भाषेत शब्दांचे कुटुंबच तयार झाले. मेल भरणारा तो ‘मेलर’, मेल देऊन कसावयास घेतलेले शेत ते ‘मेलिंग’. घराचे भाडे ‘हाउस-मेल’, चराईचे शुल्क ‘ग्रास-मेल’, तर नगरांनी राजास द्यावयाची रक्कम ‘बरो-मेल’ म्हणून ओळखली जाई. शेत या अर्थाचा ‘मेलिंग’ हा शब्द विशेष बोलका आहे. शेताचे नाव त्याच्या मातीवरून, पिकावरून वा आकारावरून पडलेले नाही. ते त्याच्यासाठी भराव्या लागणाऱ्या रकमेवरून पडले आहे. ज्या समाजात बहुसंख्य शेतकऱ्यांची स्वतःच्या मालकीची जमीन नव्हती, त्या समाजातच असा शब्द घडू शकतो.

२. कुळांच्या पायऱ्या

बाराव्या-तेराव्या शतकांतील लॅटिन दस्तऐवजांत जमिनीशी जखडलेल्या माणसांचा उल्लेख ‘नेटिव्ही’ असा येतो. जमीन विकली वा दान दिली म्हणजे ही माणसेही तिच्याबरोबर जात. चौदाव्या शतकात ही दास्यपद्धती स्कॉटलंडमधून जवळजवळ नाहीशी झाली. इंग्लंडच्या मानाने हे लवकर घडले. शेतकरी स्वतंत्र झाला खरा, पण या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती. जमिनीशी बांधलेला माणूस जमीन सोडून जाऊ शकत नव्हता. स्वतंत्र कुळाला आता मुदत संपताच घालवून देता येऊ लागले. मागील जन्मजात बंधन गेले आणि त्याच्या जागी मुदतीचा करार आला.

या कराराला स्कॉट्स भाषेत ‘टॅक’ म्हणत. ‘घेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द झाला असून पट्टा हा त्याचा मराठी प्रतिशब्द होय. पट्टेदार तो ‘टॅक्समन’. उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात मात्र या शब्दाला निराळा अर्थ आला. तेथे टॅक्समन हा बहुधा टोळीप्रमुखाचा आप्त असे. तो मोठी जमीन पट्ट्याने घेई आणि पोटकुळांना लावून देई.

दुसरा वर्ग ‘रेंटलर’ यांचा. जमीनमालकाच्या खंडवहीला ‘रेंटल’ म्हणत. तीत ज्याचे नाव नोंदले गेले आहे, तो रेंटलर. स्वतंत्र पट्टा लिहून घेण्याची ऐपत नसलेल्या कुळाला वहीतील त्या एका ओळीचा आधार असे व अनेकदा तिची नक्कल त्यास दिली जाई.

तिसरा व सर्वांत लक्षणीय वर्ग ‘काइंडली टेनंट’ यांचा होय. आजच्या इंग्रजीवरून याचा अर्थ ‘दयाळू कूळ’ असा करणे चुकीचे ठरेल. येथील ‘काइंड’ हा शब्द ‘किन’ म्हणजे नातेगोते या शब्दाशी संबंधित आहे. बाप-आजोबा ज्या जमिनीवर कूळ होते, तीवर त्यांच्या वारसाचा हक्क पोहोचतो ही भावना त्यामागे होती. या हक्कालाच ‘काइंडनेस’ म्हणत. तो लेखी पट्ट्याहून निराळा असून परंपरेवर आधारलेला होता. तथापि तो केवळ भावनिक नव्हता. सोळाव्या शतकात कुळे आपली ‘काइंडनेस’ वाटून देत, सोडून देत, प्रसंगी विकतही असत. जमीन दुसऱ्याची असली तरी तीवर कूळ राहण्याचा हक्क आपला आहे, अशी ही धारणा होती.

सर्वांत खालच्या पायरीवर ‘कॉटर’ असे. तो कुळाकडून झोपडी व जमिनीचा लहानसा तुकडा घेई आणि मोबदल्यात श्रम देई. तो मालकास थेट मेल भरत नसल्यामुळे खंडवहीत त्याचे नाव सहसा येत नसे. वहीत नाव नसणे म्हणजे काय, हे पुढील काळात त्याच्याच वाट्याला सर्वांत आधी आले.

३. खंडाचे घटक

त्या काळातील दस्तऐवजांत मेल, फर्म, केन, कस्टम हे शब्द एकापाठोपाठ येतात. हे केवळ लेखनिकाचे शब्दबाहुल्य नाही. प्रत्येक शब्द वेगळे देणे सुचवितो. त्यांतील ‘मेल’ हे प्रामुख्याने रोख देणे होते. ते पौंड, शिलिंग किंवा पौंडाचा दोन तृतीयांश असलेल्या ‘मर्क’ या परिमाणात मोजले जाई. ‘फर्म’ हा शब्द लॅटिन-फ्रेंच परंपरेतून आला. ‘ठरलेली रक्कम’ असा त्याचा अर्थ असला, तरी स्कॉट्स व्यवहारात तो बहुधा धान्यरूप खंडासाठी वापरला जाई. ओट व बार्ली ही मुख्य धान्ये होती. चार ‘फर्लट’ म्हणजे एक ‘बोल’ आणि सोळा बोल म्हणजे एक ‘चाल्डर’ असे मापाचे कोष्टक होते.

‘केन’ हा शब्द गेलिक भाषेतील असून कोंबड्या, अंडी, चीज, डुकरे इत्यादी जिनसांच्या देण्यास तो लावीत. ज्या घरातून चुलीचा धूर निघतो, त्या प्रत्येक घरामागे द्यावयाच्या कोंबडीला ‘रीक-हेन’ म्हणजे ‘धुराची कोंबडी’ असे नाव होते. नॉर्स, गेलिक, फ्रेंच व जुनी इंग्रजी या चारही भाषांचे शब्द खंडाच्या एकाच यादीत सापडतात. जी जी सत्ता त्या भूमीवर आली, तिने आपले देणे यादीत जोडले; परंतु आधीचे देणे वगळले गेले असे मात्र क्वचितच घडले.

याखेरीज श्रमरूप देणी होती. ‘ॲरेज व कॅरेज’ या जोडशब्दाने मालकाची वाहतूक व अन्य कामे यांचा निर्देश होई. मालकाच्या शेतावर कापणीच्या वेळी द्यावयाच्या वेठीस ‘बॉनेज’ म्हणत. ‘थर्लेज’ या बंधनानुसार कुळाला आपले धान्य ठरलेल्या गिरणीतच दळावे लागे आणि ‘मल्चर’ म्हणून पिठाधान्याचा हिस्सा द्यावा लागे. चर्चचा दशांश म्हणजे ‘टीन्ड’ वेगळाच. कूळ मरण पावले असता त्याच्या घरातील सर्वोत्तम जनावर मालकाने घ्यावयाचे, या प्रथेला ‘हेरयेल्ड’ असे नाव होते. सर डेव्हिड लिंडसे याने आपल्या ‘तीन वर्गांचे उपहासनाट्य’ या कृतीत रंगमंचावर एक दरिद्री मनुष्य आणला आहे. घरातील माणसे मरण पावल्यावर मालकाने घोडी आणि धर्मगुरूने गायी नेल्याची तक्रार तो करतो. १५५२ मध्ये क्युपर येथे व १५५४ मध्ये एडिनबरो येथे राजदरबारातील प्रेक्षकांसमोर या नाटकाचे प्रयोग झाले. दुःखाच्या दिवशीच वसूल होणारे हे देणे त्या काळातील लोकांनाही खुपत होते, असे यावरून दिसते.

खंड भरण्याचे दोन मुख्य दिवस होते. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा ‘व्हिटसंडे’ आणि ११ नोव्हेंबरचा ‘मार्टिनमस’. पट्ट्यांचा आरंभ व शेवट, नोकरांची ये-जा, कर्जाची परतफेड हे सारे या दोन दिवसांभोवती फिरत असे.

४. कायद्याचे संरक्षण व त्याच्या मर्यादा

१४४९ मध्ये दुसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीत झालेला पट्ट्यांविषयीचा कायदा स्कॉटलंडच्या कृषी इतिहासात मूलभूत मानला जातो. तत्पूर्वी जमीन विकली गेली की जुन्या मालकाने दिलेला पट्टा नव्या मालकावर बंधनकारक नसे. या कायद्याने पट्ट्याची मुदत संपेपर्यंत व पूर्वीच्याच मेलवर कुळाला जमिनीवर राहू देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. पुढे न्यायालयांनी या संरक्षणासाठी काही अटी आवश्यक मानल्या : खंड निश्चित असावा, मुदतीचा शेवट निश्चित असावा व कुळाचा प्रत्यक्ष ताबा असावा. येथे मेलचे खरे महत्त्व लक्षात येते. मेल हा कुळावरील भार होता, पण तोच त्याच्या हक्काचा पुरावाही होता. ज्याचा खंड ठरलेला नाही, त्याचा पट्टाही सिद्ध होत नसे.

१४६९ च्या कायद्याने आणखी एक अन्याय दूर केला. मालकाने कर्ज बुडविले तर त्याचे धनको त्याच्या कुळांची गुरेढोरे व धान्य जप्त करीत. यापुढे कुळाकडून त्या हप्त्याच्या देय मेलपेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, असे ठरले. म्हणजे मेल ही कुळाच्या जबाबदारीची कमाल मर्यादा ठरली. १५०३ च्या कायद्याने नांगरणीच्या हंगामात नांगराचे बैल, घोडे व अवजारे यांच्या जप्तीस मनाई केली. १५५५ च्या कायद्यान्वये कुळास घालविण्यापूर्वी व्हिटसंडेच्या किमान चाळीस दिवस आधी लेखी सूचना देणे व ती चर्चमध्ये जाहीर करणे आवश्यक झाले.

हे सर्व कायदे मुदतीच्या आतील कुळाचे रक्षण करीत. मुदत संपल्यावर नव्हे. आणि मुदती तर अत्यल्प असत. जॉन मेर या विद्वानाने १५२१ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात नेमक्या याच दोषावर बोट ठेवले. कुळांना चार-पाच वर्षांचेच पट्टे मिळतात. त्यामुळे ती चांगली घरे बांधीत नाहीत, झाडे लावीत नाहीत व जमिनीस खतही घालीत नाहीत, असे त्याचे निरीक्षण होते. कुळाच्या दारिद्र्याचे कारण त्याच्या आळसात न शोधता पट्ट्याच्या मुदतीत शोधणे, हे त्या काळाच्या मानाने महत्त्वाचे पाऊल होते.

५. नाण्याचे अवमूल्यन, ‘ग्रासम’ आणि ‘फ्यू’

चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटिश पौंड इंग्लिश पौंडाच्या तोडीचा होता. सतराव्या शतकाच्या आरंभी एका इंग्लिश पौंडास बारा स्कॉटिश पौंड पडू लागले. रोख मेल मात्र परंपरेने ठरलेला असल्याने त्यात सहसा वाढ होत नसे. परिणामी मेलचे खरे मोल घटत गेले, तर धान्यरूप फर्मचे टिकून राहिले. ‘मेल’ व ‘फर्म’ हा केवळ शब्दांचा भेद नव्हता, तो असा नफ्या-तोट्याचा होता.

मालकांनी ही तूट भरून काढण्यासाठी ‘ग्रासम’चा आश्रय घेतला. पट्टा देताना वा त्याचे नूतनीकरण करताना कुळाने एकरकमी द्यावयाचा हा नजराणा होय. ‘संपत्ती, ठेवा’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून तो आला. मेल परंपरेने बांधलेला होता, परंतु ग्रासमवर तसे बंधन नव्हते. मुदत जितकी अल्प, तितका ग्रासम वारंवार. म्हणून अल्पमुदतीच्या पट्ट्यांत मालकांचा लाभ होता.

याच काळात ‘फ्यू-फर्म’ पद्धतीचा विस्तार झाला. या पद्धतीत मोठी रक्कम आधी घेऊन जमीन वंशपरंपरा कायमस्वरूपी दिली जाई व वार्षिक देणे कायमचे निश्चित होई. १४५८ च्या कायद्याने तिला उत्तेजन दिले. सोळाव्या शतकात, विशेषतः १५६० च्या धर्मसुधारणेच्या आगेमागे, चर्चने आपल्या विस्तीर्ण जमिनी मोठ्या प्रमाणावर फ्यूने दिल्या. ज्या कुळांना पैसा उभा करता आला, ती स्वतःच फ्यूधारक झाली. नाण्याचे अवमूल्यन आता त्यांच्या पथ्यावर पडले, कारण त्यांचे वार्षिक देणे वाढणार नव्हते. ज्यांना पैसा उभा करता आला नाही, त्यांची जमीन त्यांच्या डोक्यावरून सरदार, वकील वा व्यापारी यांच्याकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची ‘काइंडनेस’ नव्या मालकाच्या लेखी फ्यू-सनदेपुढे टिकणे कठीण होते. एकाच गावातील दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे वंशज जमीनधारक झाले व दुसऱ्याचे वंशज भूमिहीन, यामागे अनेकदा एवढाच फरक होता.

६. ‘काळा खंड’

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमाप्रदेशात सोळाव्या शतकात दोन्ही बाजूंच्या टोळ्या गुरे पळवीत, घरे जाळीत. अशा टोळ्यांच्या म्होरक्यास नियमित रक्कम, धान्य वा गुरे दिली की तो त्या शेतकऱ्याला उपद्रव देत नसे व इतरांपासून संरक्षणही देई. या देण्यास ‘ब्लॅक मेल’, म्हणजे ‘काळा खंड’ हे नाव पडले. ‘काळा’ या विशेषणाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. चांदीच्या नाण्यांत दिलेला खंड पांढरा व गुरे-धान्य या रूपातील खंड काळा, हे एक. काळा म्हणजे अवैध, हे दुसरे. ‘मेल’ या शब्दाविषयी मात्र शंका नाही. खरा मेल देऊन कूळ मालकाकडून जमिनीवर राहण्याची निश्चिती घेई. मालक व राजसत्ता ती निश्चिती देऊ शकले नाहीत, तेव्हा तिच्यासाठी दुसऱ्या कोणास दुसरा मेल द्यावा लागला.

राज्यकर्त्यांनी या प्रथेकडे गुन्हा म्हणून पाहिले. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १५६७ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला. १६०१ च्या इंग्लिश कायद्याने तर उत्तरेकडील परगण्यांत ब्लॅकमेल घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यासही गुन्हेगार ठरविले. संरक्षण देण्यात असमर्थ ठरलेली सत्ता, स्वतःच्या पैशाने संरक्षण विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास शिक्षेची भीती दाखवीत होती. १६०३ मध्ये दोन्ही राजमुकुट एका मस्तकी आल्यानंतर सीमाभाग शांत झाला, परंतु डोंगराळ प्रदेशाच्या कडेने ही प्रथा अठराव्या शतकापर्यंत चालू राहिली. वॉल्टर स्कॉट याच्या १८१४ मधील ‘वेव्हर्ली’ या कादंबरीमुळे हा शब्द दूरवरच्या वाचकांपर्यंत पोहोचला. पुढे गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणे हा अर्थ त्यास चिकटला.

मराठीत ‘खंड’ व ‘खंडणी’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. ‘खंडणी’ हा शब्दही एके काळी मांडलिकाने ठरावाप्रमाणे द्यावयाच्या रकमेस लावीत, आज तो फौजदारी गुन्ह्याचा निदर्शक झाला आहे. दोन दूरच्या भाषांत शब्दांचा प्रवास असा समांतर व्हावा, हे लक्षणीय आहे.

७. उत्तरकाल

अठराव्या शतकात कृषिसुधारणेच्या नावाखाली शेतांचे एकत्रीकरण झाले, वेठ व जिनसांची देणी रोख खंडात बदलली व पट्टे दीर्घ मुदतीचे झाले. मोठ्या कुळांना याचा लाभ झाला. मात्र खंडवहीत नाव नसलेले कॉटर सखल प्रदेशातून फारसा गाजावाजा न होता नाहीसे झाले. त्यांना घालविण्यासाठी मोठ्या कुळाचा नवा पट्टा पुरेसा होता. डोंगराळ प्रदेशात वाढत्या खंडामुळे अनेक टॅक्समन आपल्या पोटकुळांसह अमेरिकेस गेले. रॉस परगण्यात ‘मेलर’ हा जुना शब्द आता पडीक माळरान लागवडीस आणणाऱ्या गरीब शेतकऱ्यास लावला जाऊ लागला. त्यास आरंभी खंड नाममात्र असे. जमीन सुधारली की तो वाढे.

एका ठिकाणी मात्र जुनी परंपरा आश्चर्यकारकरीत्या टिकली. डम्फ्रीसजवळील लॉकमेबन येथील हायटे, स्मॉलहोम, हेक व ग्रीनहिल या चार वाड्यांतील ‘काइंडली टेनंट’ आपला उगम रॉबर्ट ब्रूस याच्या गढीच्या सेवकांपर्यंत नेतात. खंडवहीतील नोंद हाच त्यांचा हक्कलेख होता. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने २००० मध्ये सरंजामी भूधारणा रद्द करणारा कायदा केला. तो २८ नोव्हेंबर २००४ रोजी पूर्णतः अमलात आला. त्याने हा हक्क पूर्ण मालकीत रूपांतरित केला व उरलेसुरले फ्यूचे देणेही संपविले. १९९० च्या कायद्यानुसार २८ नोव्हेंबर हाच मार्टिनमसचा दिवस होय. शतकानुशतके ज्या दिवशी खंड भरला गेला, त्या मार्टिनमसलाच ती व्यवस्था संपली.

निष्कर्ष :

१) स्कॉट्स भाषेतील खंडविषयक शब्दसंपत्ती खंड हे एकच देणे नसून रोख, धान्य, जिन्नस व श्रम यांचा समुच्चय होता, हे स्पष्ट करते.

२) मेल हा कुळावरील भार असला तरी त्याच्या हक्काचा तोच पुरावा होता. म्हणून निश्चित व नोंदलेला खंड ही कुळाच्या हिताची गोष्ट होती.

३) दास्यमुक्तीने कुळास स्वातंत्र्य मिळाले, पण स्थैर्य मिळाले नाही. ते परंपरेतून, म्हणजे ‘काइंडनेस’मधून, मिळविण्याचा प्रयत्न झाला. लेखी सनदेपुढे ही परंपरा बहुतेक ठिकाणी पराभूत झाली. नोंदवही भक्कम होती तेथेच ती टिकली.

४) ‘ब्लॅकमेल’ हा शब्द मुळात संरक्षणाच्या अभावातून जन्मला. कायदेशीर खंड भरूनही ज्यास सुरक्षितता मिळाली नाही, त्या शेतकऱ्याने दिलेला तो दुसरा खंड होता.

आज हा शब्द उच्चारताना उकळणारा तेवढा डोळ्यांसमोर येतो. शब्दाच्या मुळाशी मात्र एक शेतकरी उभा आहे. एकाच शेतासाठी दोघांना खंड देऊनही पुढील व्हिटसंडेला तेथे राहता येईल की नाही, याची त्यास खात्री नव्हती.